रुग्णशय्येचा पहारा

आपल्या खानदेशांत घरांतील माणूस एकदां दवाखान्यांत पोंचला, म्हणजे अर्धी काळजी मिटली, असें मानण्याची रीत आहे. दोंडाईच्यासारख्या गांवांतून दुखणाईत माणसाला धुळें, नंदुरबार, जळगांव, नाशिक किंवा सुरत येथें न्यावयाचें, तर गाडीची सोय पाहावी लागते, पैशाची जुळवाजुळव करावी लागते, शेतीचें काम टाकून दोन माणसें बरोबर द्यावीं लागतात. आणि इतकें सारें करून एकदांची खाट मिळाली, म्हणजे घरच्यांच्या जिवांत जीव येतो. हा विश्वास खोटा नाहीं. तो डॉक्टरांनीं व परिचारिकांनीं पिढ्यान्‌पिढ्या झिजून मिळविलेला आहे. परंतु रोगापासून वांचविण्याची विद्या आणि रुग्णाला रुग्णालयांत सुखरूप राखण्याची विद्या या दोन निराळ्या गोष्टी होत. पहिली कितीहि वाढली, तरी दुसरी आपोआप तिच्या मागून येत नाहीं. या दुसऱ्या विद्येविषयीं चार शब्द विद्यार्थ्यांपुढें व त्यांच्या वडील मंडळींपुढें मांडावे, या हेतूनें आम्ही हा लेख लिहीत आहों.

हा प्रश्न केवळ आपल्याच देशाचा आहे, असें कोणी समजूं नये. १९९९ सालीं अमेरिकेंतील इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिन या संस्थेनें एक अहवाल प्रसिद्ध केला. त्या श्रीमंत देशांत, जेथें यंत्रांची वाण नाहीं, तेथें उपचारांतील चुकांमुळें दरसाल ४४ हजारांपासून ९८ हजारांपर्यंत माणसें रुग्णालयांत मृत्यु पावत असावींत, असा त्यांत अंदाज होता. त्या अहवालाचें मुख्य म्हणणें असें कीं, चूक करणारा माणूस बहुधा दुष्टहि नसतो व आळशीहि नसतो. ज्या व्यवस्थेंत तो काम करतो, ती व्यवस्थाच चूक वेळेवर पकडण्याजोगी बांधलेली नसते. पुढें जागतिक आरोग्य संघटनेनें २०१९ पासून १७ सप्टेंबर हा दिवस रुग्णसुरक्षा दिन म्हणून पाळण्यास आरंभ केला. रोग बरा करणाऱ्या घरालाच सुरक्षिततेसाठीं एक दिवस राखून ठेवावा लागावा, यांतच या प्रश्नाचें गांभीर्य आहे.

आतां आपल्या महाराष्ट्राकडे वळूं. ९ जानेवारी २०२१ रोजीं, मध्यरात्र उलटून गेल्यावर, भंडारा येथील जिल्हा रुग्णालयांत आजारी नवजात बालकांच्या कक्षाला आग लागली. कक्षांत १७ बालकें होतीं. ७ वांचलीं, १० गेलीं. त्याच वर्षीं २१ एप्रिलला नाशिक येथील डॉ. झाकीर हुसेन रुग्णालयांत प्राणवायूच्या टाकीला गळती लागली, नळ्यांतील दाब उतरला, आणि त्या दिवशीं २२ रुग्ण दगावले. दोनच दिवसांनीं विरार येथील एका रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागांत आग लागून रुग्ण मृत्युमुखीं पडले. आणि ६ नोव्हेंबरला तेव्हांच्या अहमदनगर, म्हणजे आतांच्या अहिल्यानगर, येथील जिल्हा रुग्णालयांत तसाच प्रसंग येऊन ११ जणांचा अंत झाला. हीं माणसें ज्या रोगासाठीं तेथें आलीं होतीं, त्या रोगानें त्यांना नेलें नाहीं. ज्या छपराखालीं तीं आश्रयाला आलीं, त्या छपराखालींच त्यांच्यावर घाला पडला.

याहून जवळची गोष्ट जळगांवची आहे. जून २०२० मध्यें, साथीच्या त्या भयंकर दिवसांत, तेथील शासकीय रुग्णालयांत दाखल झालेली ८० वर्षांपुढील एक वृद्ध स्त्री खाटेवरून नाहींशी झाली. शोध सुरू झाला, पोलिसांत वर्दी गेली. आणि कांहीं दिवसांनीं, १० जूनला, त्याच रुग्णालयाच्या शौचालयांत तिचा मृतदेह सांपडला. पुढें चौकशी झाली, अधिष्ठात्यांसह कांहीं जणांना निलंबित करण्यांत आलें. त्या शिक्षेविषयीं आम्हांला येथें कांहीं म्हणावयाचें नाहीं. आम्हांला प्रश्न पडतो तो इतकाच : एका मोठ्या इमारतींत, डॉक्टर, परिचारिका, सफाई कामगार, पहारेकरी यांची ये-जा चालू असतां, एक दार इतके दिवस कोणीं उघडून पाहिलें नाहीं, हें घडलें कसें ? त्या इमारतींत डोळे पुष्कळ होते. पण त्या दारावर ठेवलेला असा एकहि डोळा नव्हता.

या साऱ्या प्रसंगांचा एकत्र विचार केला, म्हणजे असें दिसतें कीं रुग्णाचें रक्षण तीन क्रियांवर अवलंबून आहे : पाहणें, ओळखणें आणि धांवणें. पाहणें म्हणजे बदल झाल्याबरोबर तो कोणाच्या तरी नजरेस येणें. ओळखणें म्हणजे तो बदल साधा कीं जिवावरचा, याचा निवाडा होणें. धांवणें म्हणजे निवाडा होतांच ठरलेल्या माणसानें ठरलेलें काम करणें. जळगांवांत पहिली क्रियाच घडली नाहीं. नाशिकला गळती भर दिवसां घडली व लोकांनीं ती डोळ्यांनीं पाहिली; तेथें ऐन वेळीं प्राणवायूचा दुसरा पुरवठा पुरा पडला नाहीं, म्हणजे तिसरी क्रिया कमी पडली. आज सेन्सर आणि शिकणारीं यंत्रें यांचा जो गाजावाजा चालला आहे, त्याचें मोल या तीन क्रियांच्या तराजूंत घालून पाहिलें पाहिजे, असें आमचें मत आहे.

सेन्सर म्हणजे पाहणारें यंत्र. तें थकत नाहीं, त्याला डुलकी लागत नाहीं, आणि एकाच गोष्टीकडे रात्रभर टक लावून बसण्याचा त्याला कंटाळा येत नाहीं. साथीच्या दिवसांत बोटाला लावावयाचा ऑक्सिमीटर खानदेशांतल्या खेड्यापाड्यांत जाऊन पोंचला. त्याचें तत्त्व ताकुओ आओयागी या जपानी अभियंत्यानें १९७४ च्या सुमारास शोधून काढलें. प्राणवायूनें भरलेलें रक्त आणि प्राणवायु सोडून आलेलें रक्त हीं दोन्हीं तांबडा प्रकाश व डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश सारख्या प्रमाणांत शोषून घेत नाहींत. त्या फरकावरून, सुई न टोंचतां, रक्तांतील प्राणवायूचें मान काढतां येतें. धूर ओळखणारें यंत्र, प्राणवायूच्या नळींतील दाब मोजणारें यंत्र, रुग्ण खाटेवरून उठला कीं घंटा वाजविणारें यंत्र, हीं सगळीं त्याच कुळांतलीं. मुंबईच्या आय. आय. टी. मध्यें शिकलेल्या दोघां तरुणांनीं २०१५ सालीं बंगळूर येथें 'डोझी' नांवाची संस्था काढली. तिनें केलेली पट्टी गादीखालीं घातली, म्हणजे हृदयाच्या ठोक्यानें व श्वासानें गादीला जो सूक्ष्म कंप सुटतो, त्यावरून नाडी व श्वास मोजले जातात, आणि रुग्णाच्या अंगाला तार लावावी लागत नाहीं.

दुसरी क्रिया ओळखण्याची. येथें शिकणारें यंत्र पुढें येतें. यंत्र शिकतें म्हणजे काय, असें विद्यार्थी विचारतील. आपल्या गांवच्या बाजारांत लाल मिरचीची आवक सुरू झाली, म्हणजे जुना जाणता व्यापारी मूठभर मिरची हातांत घेतो, दाबतो, हालवून बियांचा आवाज ऐकतो, आणि 'यांत ओल आहे' असें सांगून मोकळा होतो. त्याला हा नियम कोणीं लिहून दिलेला नाहीं. हजारों पोतीं हाताखालून गेलीं, कोणतें टिकलें व कोणतें बुरशीनें गेलें हें त्यानें पाहिलें, आणि त्या अनुभवाचा निवाडा त्याच्या बोटांत उतरला. शिकणाऱ्या यंत्रालाहि असाच अनुभव दिला जातो. हजारों रुग्णांची नाडी, श्वास, ताप, रक्तदाब यांचे आंकडे आणि पुढें त्यांचें काय झालें याची नोंद त्याच्यापुढें ठेवतात. त्यांतून तें धोक्याचीं चिन्हें हुडकून काढतें. मुंबईची 'क्युअर डॉट ए आय' ही संस्था छातीचा क्ष-किरण फोटो वाचून क्षयाचा संशय दाखविणारें असेंच यंत्र चालवितें. आणि २०२१ सालीं जागतिक आरोग्य संघटनेनें १५ वर्षांवरील माणसांच्या क्षय-तपासणींत अशा यंत्रवाचनाचा उपयोग करण्यास मान्यता दिली. जेथें क्ष-किरणाचा फोटो निघतो, पण तो वाचणारा तज्ज्ञ शंभर मैलांवर असतो, अशा प्रदेशाला ही गोष्ट लहान नाहीं.

रुग्णशय्येजवळ या विद्येची खरी कसोटी लागते. एखादा रुग्ण अचानक गेला, असें आपण म्हणतों. परंतु पुष्कळ वेळां अचानक असें कांहीं नसतें. कित्येक तास आधीं श्वास जलद होऊं लागतो, नाडी वाढते, रक्तदाब उतरतो, माणूस थोडा बरळतो. हीं चिन्हें सुटीं सुटीं पाहिलीं तर क्षुल्लक वाटतात; एकत्र केलीं तर ओरडून सांगतात. लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्स या संस्थेनें २०१२ सालीं एक गुणपत्रक ठरवून दिलें व २०१७ सालीं तें सुधारलें. श्वास, प्राणवायु, रक्तदाब, नाडी, शुद्धि आणि ताप यांना गुण द्यावयाचे, बेरीज करावयाची, आणि ती ७ किंवा अधिक झाली, कीं तांतडीनें जाणत्या डॉक्टरास बोलवावयाचें. आमच्या पांचवींतला मुलगाहि ही बेरीज करूं शकेल. तिला कागद, पेन्सिल आणि नियमितपणा यांखेरीज कांहीं लागत नाहीं. महाग यंत्राची वाट पाहत बसणाऱ्यांनीं ही गोष्ट आधीं लक्षांत घ्यावी.

आतां यंत्राच्या यशापयशाचा हिशेब पाहूं. संसर्गामुळें सारें शरीर ढासळूं लागतें, त्या विकाराला सेप्सिस म्हणतात. त्यांत घटकेघटकेला मोल असतें. अमेरिकेंतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठांत दार्जिलिंग येथें जन्मलेल्या सुची सारिया या विदुषीनें व तिच्या सहकाऱ्यांनीं सेप्सिसची आगाऊ सूचना देणारें यंत्र तयार केलें. पांच रुग्णालयांतील त्याचा अनुभव २०२२ सालीं प्रसिद्ध झाला. सूचना मिळाल्यापासून तीन तासांच्या आंत डॉक्टरानें तिची दखल घेतली, अशा रुग्णांत मृत्यूचें प्रमाण इतरांच्या मानानें जवळजवळ पंचमांशानें कमी आढळलें. याच्या उलट, त्याच देशांत शेंकडों रुग्णालयांनीं विकत घेतलेल्या दुसऱ्या एका यंत्राची मिशिगन येथील संशोधकांनीं २०२१ सालीं परीक्षा घेतली, तेव्हां सेप्सिस झालेल्या तीन रुग्णांपैकीं दोन रुग्ण त्याला ओळखतांच आले नाहींत, असें दिसून आलें. आणि इकडे दाखल झालेल्या दर शंभर रुग्णांपैकीं १८ जणांविषयीं तें घंटा वाजवीत होतें. एकाच विद्येचीं हीं दोन फळें. यावरून आम्ही दोन गोष्टी घेतों : एक, यंत्राला नांवावरून नव्हे, तर परीक्षा घेऊन दाखल करावें, दुसरी, चांगल्या यंत्राचेंहि पुण्य तीन तासांच्या आंत उठणाऱ्या माणसाच्या पदरांत पडतें.

खोट्या घंटेचें पाप लहान नसतें. 'लांडगा आला रे आला' ही गोष्ट आपण पहिलींत शिकतों. ती मेंढपाळाच्या पोराची म्हणून शिकतों, पण ती तितकीच यंत्राचीहि आहे. अतिदक्षता विभागांत दिवसभर अनेक यंत्रें अनेक सुरांत वाजत असतात. त्यांतल्या बहुतेक घंटा निरर्थक निघाल्या, म्हणजे कान बधिर होतात, आणि एके दिवशीं खरी घंटाहि त्याच गोंगाटांत बुडून जाते. अमेरिकेंतील रुग्णालयांची पारख करणाऱ्या जॉइंट कमिशन या संस्थेनें २०१३ सालीं सांगितलें कीं, जानेवारी २००९ पासून जून २०१२ पर्यंत तिच्याकडे घंटांच्या गोंधळासंबंधीं ९८ प्रसंगांची नोंद झाली, व त्यांतील ८० प्रसंगीं रुग्ण मृत्यु पावला. तेव्हां यंत्रांची संख्या वाढली म्हणजे सुरक्षितता वाढली, हें गणित बरोबर नाहीं. कमी वाजणारी, पण वाजली कीं उठविणारी घंटा हीच खरी घंटा.

याहून खोल एक धोका आहे, आणि तो आपल्या लोकांशीं निगडित आहे. यंत्र ज्यांच्याजवळ शिकलें, त्यांनाच तें नीट ओळखतें. डिसेंबर २०२० मध्यें अमेरिकेंतील डॉक्टरांनीं दाखवून दिलें कीं, ऑक्सिमीटरचा आंकडा समाधानकारक असूनहि रक्तांतला प्राणवायु प्रत्यक्षांत धोक्याइतका उतरलेला असणें, हा प्रकार गोऱ्या रुग्णांत शंभरांत ३ ते ४ वेळां, तर काळ्या रुग्णांत शंभरांत ११ ते १२ वेळां घडला. यंत्राच्या मनांत द्वेष नव्हता. पण त्वचेच्या रंगानें त्याचा प्रकाश चकला, आणि तें तपासून पाहण्याची फिकीर बराच काळ कोणीं केली नाहीं. आपल्या सातपुड्याच्या पायथ्याचे भिल्ल व पावरा बांधव, शेतांत उन्हानें रापलेला आपला कुणबी, यांची त्वचा कोणत्या रंगाची असते, हें सांगावयास नको. शिवाय धुळें-नंदुरबारच्या आदिवासी वस्तींत सिकल सेल हा रक्ताचा आनुवंशिक विकार आढळतो. ज्या देशांत तो विरळा, तेथें शिकून आलेलें यंत्र येथील रुग्णाच्या रक्ताचें गणित बरोबर सोडवील, असें आधींच कसें मानावें? यास्तव आमचें आग्रहाचें म्हणणें असें कीं, परगांवीं शिकलेल्या यंत्रानें येथील रुग्णांवर आपली परीक्षा द्यावी, आणि त्या परीक्षेचा निकाल लोकांपुढें मांडला जावा. नापास विद्यार्थ्याला वरच्या वर्गांत घालूं नये, हा नियम आम्ही शिक्षकांनीं मुलांना लावावा आणि यंत्रांना मात्र माफ करावा, हें न्यायाचें नव्हे.

तिसरी क्रिया धांवण्याची, आणि तिच्याविषयींच सर्वांत कमी बोललें जातें. येथें आम्हांला आगगाडीचें उदाहरण द्यावेंसें वाटतें. सुरत-भुसावळ लोहमार्ग आपल्या गांवावरून जातो. रुळांचे सांधे बरोबर बसून पक्के झाल्याखेरीज सिग्नल देतांच येऊं नये, आणि एकदां सिग्नल दिला कीं सांधे हलवितां येऊं नयेत, अशी कुलपाची रचना रेल्वेनें केलेली असते. तिला इंटरलॉकिंग म्हणतात. स्टेशनमास्तर हुशार व इमानी असला, तरी रेल्वे त्याच्या केवळ स्मरणावर हजार प्रवाशांचा जीव सोंपवीत नाहीं. पण लक्षांत घ्यावें, ही रचना बसविली म्हणून स्टेशनमास्तराला कोणीं घरीं पाठविलें नाहीं. कुलूप आणि माणूस दोन्हीं आहेत, आणि प्रत्येक गाडीच्या वेळीं जबाबदार कोण, हें वहींत लिहिलेलें आहे. रुग्णालयानें रेल्वेपासून हा धडा घ्यावा. घंटा वाजली तर कोण उठणार, तो हजर नसेल तर दुसरा कोण, किती मिनिटांत, आणि वीज गेली असतां काय, हीं चार उत्तरें भिंतीवर लिहिलेलीं नसतील, तर तेथें लावलेला सेन्सर ही एक शोभेची वस्तु होय.

यावर कोणी म्हणेल कीं, आधीं परिचारिकांच्या रिकाम्या जागा भरा, मग यंत्रांच्या गोष्टी करा. हा आक्षेप अर्ध्याहून अधिक खरा आहे, आणि आम्ही तो आनंदानें मान्य करतों. रात्रपाळींत एकट्या सिस्टरच्या वांट्याला दोन दोन लांब वॉर्ड येतात, हें ज्यांनीं नातेवाईकाच्या उशाशीं रात्र काढली आहे, त्यांना ठाऊक आहे. परंतु जागा भरल्या तरी माणसाला पाठीमागें डोळे फुटत नाहींत. एका टोकाच्या रुग्णाला सलाईन लावीत असतां दुसऱ्या टोकाच्या रुग्णाचा श्वास मंदावला, तर तिनें काय करावें ? तेथें गादीखालची पट्टी तिची मैत्रीण होय. मात्र यंत्र आलें म्हणून दोन सिस्टरांच्या जागीं एक ठेवूं पाहणारा कोणी व्यवस्थापक असेल, तर त्याला आम्ही निक्षून सांगूं कीं, तुम्हीं पाहणारा विकत घेतला आणि धांवणाऱ्याला काढून टाकलें. यंत्र घाम पुशीत नाहीं, कूस बदलून देत नाहीं, आणि मरणाच्या भीतीनें हात पुढें करणाऱ्याचा हात धरीत नाहीं.

दुसरा आक्षेप लाजेचा व गुप्ततेचा आहे. खाटेवर चोवीस तास यंत्राची नजर असणें, हें माणसाला नकोसें वाटणें स्वाभाविक आहे. म्हणून जेथें कंप किंवा वजन मोजून भागतें, तेथें कॅमेरा लावूं नये. आणि रुग्णाची माहिती उपचारासाठीं घेतली असेल, तर ती उपचारासाठींच वापरावी. २०२३ सालीं आपल्या संसदेनें वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा केला. गरीब रुग्ण अंगठा उठवून दाखल होतो, म्हणून त्याची संमति गृहीत धरणें हा त्याचा अपमान आहे. त्याला समजेल अशा भाषेंत, मग ती अहिराणी असो वा भिली, हें यंत्र कशासाठीं आहे तें सांगितलें पाहिजे.

तर मग आमचें मत काय ? आम्ही क्रम सांगतों. प्रथम दर पाळीला प्रत्येक खाट मोजावी, आणि रिकाम्या खाटेचा जबाब घ्यावा. मग धुराची सूचना देणारीं यंत्रें, प्राणवायूच्या दाबाची घंटा आणि प्राणवायूचा दुसरा पुरवठा हीं प्रत्येक जिल्हा व उपजिल्हा रुग्णालयांत असावींत, आणि तीं चालू आहेत याची ठराविक दिवशीं तपासणी व्हावी. त्यानंतर गुणपत्रकाची कागदी पद्धति अंगवळणीं पाडावी. आणि या पायावर शेवटीं शिकणारें यंत्र बसवावें. जेथें खाटा मोजण्याची संवय नाहीं, तेथें कृत्रिम बुद्धि आणून बसविणें, म्हणजे पाया न घालतां कळस चढविणें होय. परंतु क्रम सांगितला, म्हणजे शेवटची पायरी नकोच असें आम्ही म्हणत नाहीं. ती चढलीच पाहिजे. कारण ज्या प्रदेशांत तज्ज्ञ थोडे व अंतरें लांब, त्यालाच तिची गरज अधिक आहे.

फ्लॉरेन्स नाइटिंगेल हिला सारें जग दिवा घेऊन फिरणारी परिचारिका म्हणून ओळखतें. ती १८५४ सालीं स्कुटारीच्या लष्करी रुग्णालयांत गेली. आणि परत आल्यावर तिनें मृत्यूंचे तक्ते व आकृत्या मांडून सरकारास दाखवून दिलें कीं, युद्धाच्या जखमांपेक्षां घाणीनें व रोगांनीं अधिक शिपाई मेले. एका हातीं दिवा आणि दुसऱ्या हातीं आंकडे, असें तिचें पूर्ण चित्र आहे. मिरजेच्या वानलेस रुग्णालयासारखीं जीं सेवेचीं घरें मिशनांनीं या देशांत उभारलीं, त्यांनीं तिचा दिवा पुढें नेला. आंकड्यांचा वारसा आतां नव्या पिढीनें उचलावयाचा आहे. शोमरोनी माणसाच्या दाखल्यांत दोघे जण जखमी माणसाला पाहून पलीकडून निघून गेले. पाहिलें तिघांनीं, थांबला एकच. यंत्र आपल्याला पाहण्यास मदत करील. थांबावयाचें आपणच आहे.

पालकांना आमची विनंति आहे. आपलें माणूस रुग्णालयांत असतां, घंटा वाजली तर कोण येतें, हें नम्रपणें विचारून ठेवावें. कर्कश वाटतो म्हणून यंत्राचा आवाज स्वतः बंद करूं नये. प्राणवायूच्या जवळ विडी, काडी किंवा मोबाइलच्या चार्जरचें लटकतें लांबण नेऊं नये. बोट गार असेल, अथवा नखाला रंग किंवा मेंदी असेल, तर ऑक्सिमीटरचा आंकडा फसवूं शकतो. बोट पुसून, ऊब देऊन पुन्हां पाहावें. आणि आंकडा चांगला असून माणूस घाबरा दिसत असेल, तर आंकड्यापेक्षां माणसावर विश्वास ठेवून डॉक्टरास बोलवावें.

विद्यार्थी मित्रहो, तुमच्यांतून कोणी परिचारिका होईल, कोणी डॉक्टर, कोणी यंत्रें दुरुस्त करणारा कारागीर, कोणी त्यांना शिकविणारा गणिती. या चौघांचें काम एकाच खाटेशीं येऊन मिळणार आहे. यंत्र बनविणाऱ्यानें रात्रपाळीच्या सिस्टरला विचारल्याशिवाय यंत्र बनवूं नये, आणि सिस्टरनें यंत्र चुकतें तेव्हां गप्प बसूं नये. चुकीची नोंद करणें ही चहाडी नव्हे, ती पुढच्या रुग्णाची सेवा आहे. धुळ्याच्या किंवा जळगांवच्या एखाद्या वॉर्डांत अजून पुष्कळ रात्रीं पुष्कळ माणसें आपला जीव दुसऱ्यांच्या हवालीं करून झोंपणार आहेत. त्यांच्या गादीखालीं पट्टी असो वा नसो, त्यांच्यापैकीं एकहि जण न मोजलेला राहूं नये, एवढी तरी हमी या खानदेशानें त्यांना दिली पाहिजे.